कॉलेज निवडताना आधी मैदान पाहा

दहावी-बारावीचे निकाल लागले की आमच्या ओट्यावर पोरं-पोरी येऊन बसतात. हातात मोबाईल, मोबाईलमध्ये गुणपत्रक आणि प्रश्न एकच: "ताई, कुठलं कॉलेज घेऊ?" त्यातल्या बऱ्याच जणांना कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल नाहीतर पळण्याचं वेड असतं. एखादी गाणारी असते, एखादा नकला करणारा. घरचे विषय विचारतात, फी विचारतात, अंतर विचारतात. खेळाचं मात्र कुणीच विचारत नाही, आणि ज्याला खेळायचंय तो तर मोठ्यांसमोर अजिबात विचारत नाही.

मी अमळनेर तालुक्यातल्या खेड्यातली. शाळेपासून खो-खो खेळले. बारावीनंतर एका कॉलेजात प्रवेश घेतला तो माहितीपुस्तिकेतला मुलींच्या खो-खो संघाचा फोटो बघून. फी भरून झाल्यावर कळलं की फोटो सहा वर्षांपूर्वीचा होता. त्यातली शेवटची मुलगी कधीच पदवी घेऊन गेली होती आणि मैदानावर खो-खोचे खांबसुद्धा उरले नव्हते. तिथे लग्नाचे मांडव पडायचे. माझं एक वर्ष गेलं. तुमचं जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी स्वतःला विचारा: संघात खेळायचंय की एकट्याने?

कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल हे संघाचे खेळ. इथे तुम्ही कितीही चांगले असलात तरी सोबतचे आठ जण नसतील तर मैदानात उतरता येत नाही. म्हणून कॉलेजात त्या खेळाचा संघ दरवर्षी उतरतो का, हे आधी पाहावं लागतं. धावणं, कुस्ती, वेटलिफ्टिंग, बुद्धिबळ, तिरंदाजी यांचं वेगळं. तिथे कॉलेजने फक्त वेळेवर प्रवेशिका पाठवायची असते, बाकी सगळं तुमच्या सरावावर आणि शिकवणाऱ्यावर. असा खेळ असेल तर कॉलेजपेक्षा त्या गावात चांगला प्रशिक्षक, तालीम किंवा तालुका क्रीडा संकुल आहे का, हे जास्त महत्त्वाचं.

माझं एक ठाम मत आहे. मोठ्या कॉलेजच्या संघात तीन वर्षं राखीव खेळाडू म्हणून बसण्यापेक्षा लहान कॉलेजच्या संघात पहिल्या वर्षापासून खेळा. संघ लवकर हरला तरी निवड समिती सामने बघत असते, आणि हरलेल्या संघातला चांगला खेळाडूही विद्यापीठाच्या संघात जातो. बाकावर बसलेल्याला कुणी बघत नाही.

मग पाहा, कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं आहे

हे नव्या मुलांना कुणीच सांगत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतली कला, वाणिज्य, विज्ञानाची कॉलेजं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९० साली सुरू झालं, त्याआधी आपला भाग पुणे विद्यापीठात होता. बहिणाबाईंचं नाव २०१८ साली लागलं. पण म्हणून खान्देशातलं प्रत्येक कॉलेज त्याच्याकडेच आहे असं नाही. वैद्यकीय आणि नर्सिंगची कॉलेजं नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे, धुळ्याचं कृषी महाविद्यालय राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे, आणि अभियांत्रिकीची काही कॉलेजं लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाकडे. तुम्ही कुणाच्या संघात खेळणार, निवड चाचणीला कुठल्या गावी जाणार, हे सगळं त्यावर ठरतं. भाऊ अभियांत्रिकीला आणि बहीण बी.ए.ला, एकाच गावात, तरी दोघं दोन वेगळ्या विद्यापीठांच्या जर्सीत दिसू शकतात.

आपल्या विद्यापीठात स्पर्धांचा जिना असा आहे: जळगाव, एरंडोल, धुळे आणि नंदुरबार असे चार क्रीडा विभाग. आधी आपल्या विभागातल्या कॉलेजांची स्पर्धा. त्यातून विभागाचा संघ निवडला जातो, मग चार विभाग आपसांत खेळतात. तिथून विद्यापीठाचा संघ ठरतो, त्याचं शिबिर लागतं, आणि तो पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो, पुढे अखिल भारतीय. राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' क्रीडा महोत्सव वेगळा, आणि २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही आहे.

दोन गोष्टी इथेच लक्षात ठेवा. अकरावी-बारावीची मुलं या जिन्यावर नसतात. ती १९ वर्षांखालच्या शालेय स्पर्धांत खेळतात, आणि त्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडून होतात. त्यामुळे "आमच्या कॉलेजचे अमुक खेळाडू विद्यापीठाकडून खेळले" या वाक्याचा अकरावीच्या मुलाला थेट उपयोग नाही. त्याने ज्युनिअर कॉलेजचे क्रीडाशिक्षक कोण, हे वेगळं विचारावं. दुसरी गोष्ट, बाहेरून परीक्षा देणाऱ्याला किंवा दूरशिक्षणातल्या विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या संघात जागा नाही. नियमित प्रवेशच लागतो. कामाला जाऊन बाहेरून बी.ए. करू आणि कबड्डीही खेळू, असा बेत असेल तर आत्ताच बदला.

घरबसल्या करायचं काम

कॉलेजच्या संकेतस्थळावर रंगीत फोटो बघू नका, नॅकचे (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे) अहवाल उघडा. नॅकला पाठवलेल्या अहवालात पाचवा निकष विद्यार्थ्यांबद्दलचा असतो. त्यातल्या ५.३ या भागात कॉलेजला खेळात आणि सांस्कृतिक स्पर्धांत मिळालेली बक्षिसं वर्षवार, विद्यार्थ्यांच्या नावासकट द्यावी लागतात, सोबत प्रमाणपत्रंही जोडलेली असतात. तीन-चार वर्षांची यादी वाचली की लगेच कळतं. एकच नाव पाच ओळींत दिसलं तर तो एका गुणी खेळाडूचा पराक्रम, कॉलेजचा नाही. दरवर्षी नवी नावं, एकाच खेळात, असं दिसलं तर तिथे कुणीतरी शिकवतंय.

दुसरा आरसा म्हणजे कॉलेजचं वार्षिक नियतकालिक. ग्रंथालयात मागितलं तर बघायला देतात. मागच्या पानांवर जिमखान्याचा अहवाल असतो. "विद्यार्थ्यांनी उत्साहाने सहभाग घेतला" एवढंच असेल तर पुढे जा. सामना कुणाशी झाला, किती गुणांनी हरले, कोणाची विभागात निवड झाली असं लिहिलेलं असेल तर लिहिणारे सर मैदानावर उभे होते, हे नक्की.

जुनी, नावाजलेली कॉलेजं आपल्याकडे आहेत. जळगावचं मूळजी जेठा, अमळनेरचं १९४५ चं प्रताप महाविद्यालय. धुळे, शिरपूर, शहादा, नंदुरबार, भुसावळ, फैजपूर, चाळीसगाव, चोपडा, कुठेही जा, पिढ्यांनी शिकलेली कॉलेजं मिळतील. प्रतापच्या आवारात २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं मराठी साहित्य संमेलन भरलं होतं, एवढी जागा तिथे आहे. पण जुनं नाव आणि मोठं आवार म्हणजे तुमचा खेळ तिथे जिवंत आहे असं समजू नका. ते डोळ्यांनी बघायचं.

संध्याकाळी साडेपाचला जा

प्रवेशाच्या खिडकीवर सकाळी अकराला सगळीच कॉलेजं सारखी दिसतात. तुम्ही दोनदा जा. एकदा दुपारी तीनला आणि एकदा संध्याकाळी साडेपाचला. शक्य असेल तर वर्ग चालू असताना, म्हणजे निकालाआधीच, डिसेंबर-जानेवारीत कधीतरी.

दुपारी तीनला एवढंच बघायचं की आवारात माणसं आहेत का. आपल्याकडे बऱ्याच कॉलेजांत तास दुपारपर्यंत संपतात आणि मग कुत्रंही फिरकत नाही. जिथे तीन वाजताही वाचनालयात पंखे चालू आहेत, एखाद्या वर्गातून हार्मोनियम नाहीतर नाटकाच्या तालमीचा आवाज येतोय, कट्ट्यावर दहा पोरं वाद घालताहेत, तिथे तुमची तीन वर्षं कोरडी जाणार नाहीत.

साडेपाचला मैदानावर जा आणि खाली बघा. फक्कीच्या रेषा ताज्या आहेत का? कबड्डीचं मैदान मुलांसाठी १३ बाय १० मीटर, मुलींसाठी १२ बाय ८. पावलांनी मोजून बघा, साधारण कळतं. व्हॉलीबॉलचं १८ बाय ९. जाळी ताणून बांधलेली आहे की मध्ये लोंबतेय? मुलांसाठी ती २.४३ मीटरवर असते, मुलींसाठी २.२४. एकाच उंचीवर कायमची बांधलेली दिसली तर त्या कॉलेजात मुली व्हॉलीबॉल खेळत नाहीत, किंवा मुलांच्या उरलेल्या वेळात, मुलांच्या जाळीवर खेळतात.

खो-खोवाल्यांनी खांबाला हात लावून बघावा. जमिनीपासून सव्वा मीटरच्या आतबाहेर उंचीचे ते दोन खांब. खेळाडू पळत येतो, खांबाला पंजा घालतो आणि अंग झोकून वळतो. रोज शेकडो वेळा तसं झालं की कमरेच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत होतं, काळपट चकाकी येते, आणि बुडाशी माती अर्धगोलात खरवडलेली दिसते. नंतरच्या कॉलेजात मी पहिल्या दिवशी खांबाला हात लावला तेव्हा तो आमच्या देवळाच्या उंबऱ्यासारखा मऊ लागला होता. तिथेच प्रवेश घ्यायचं ठरवलं. खांब खरखरीत असेल, त्यावर ताजा रंग असेल, तर तो पाहुण्यांसाठी लावलेला आहे.

आणि मांडवांचं विचारा. मैदान लग्नाला, सभेला, प्रदर्शनाला भाड्याने देतात का? मांडव निघाल्यावर खड्डे बुजवतात का? अनवाणी खो-खो खेळताना मला मांडवाचा खिळा लागलाय, म्हणून सांगते.

मुलींनी आणखी दोन गोष्टी बघायच्याच. कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि मैदानाजवळ चालू स्थितीतलं, पाणी असलेलं स्वच्छतागृह. हे नसेल तर मुली सरावाला येणं हळूहळू बंद करतात. कारण कुणालाच सांगत नाहीत, आणि मग कॉलेज म्हणतं, मुलींचा प्रतिसाद नाही. याचा मला आजही राग येतो.

क्रीडा संचालकांना भेटा

कॉलेजात त्यांना 'स्पोर्ट्सचे सर' नाहीतर 'फिजिकल डायरेक्टर' म्हणतात. प्रवेशाआधी भेटायला संकोच करू नका. "सर, मी अमुक गावचा, तमुक खेळतो, जिल्ह्यापर्यंत खेळलोय," असं सरळ सांगा. चांगले सर लगेच तुमची उंची बघतील, कुठल्या जागेवर खेळतोस विचारतील, उद्या सकाळी मैदानावर ये म्हणतील. जे फक्त "आधी प्रवेश घे, मग बघू" म्हणतात, त्यांच्याबद्दल सावध राहा.

त्यांना विचारायचं ते असं. सराव किती ते किती, आणि कोण घेतं? पद भरलेलं आहे की तुम्ही तासिका तत्त्वावर आहात? (हा प्रश्न नम्रपणे विचारा, पण विचारा. दरवर्षी सर बदलले की संघ बसत नाही.) बाहेरगावी सामन्याला जाताना प्रवासभत्ता आणि जेवणखर्च कॉलेज देतं का? मुलींच्या संघासोबत मॅडम येतात का? सामना आणि अंतर्गत परीक्षा एकाच दिवशी आल्या तर काय करता? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. विद्यापीठ स्पर्धांचा हंगाम आणि हिवाळी सत्राची परीक्षा यांची गाठ पडतेच. ज्या कॉलेजात खेळाडूंची अंतर्गत परीक्षा नंतर घ्यायची रीत आहे, तिथले जुने खेळाडू ते लगेच सांगतात. नुसतं सरांवर विसंबू नका, मैदानावरच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या पोरांनाही विचारा. फीच्या पावतीवर जिमखान्याची रक्कम वेगळी लिहिलेली असते. ती कशावर खर्च होते, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

शेवटची बस

आपल्या भागात खेळाडू घडतो किंवा सुटतो तो इथे. सराव संध्याकाळी पाच ते सात, आणि गावाकडची शेवटची एस.टी. सव्वासहाला. आता बोला.

माझ्या दुसऱ्या कॉलेजात पहिले दोन महिने मी रोज सहाला मैदान सोडायचे. डाव नुकताच रंगात आलेला असायचा. एकदा राहिले, आणि स्टँडवर पोचले तेव्हा चहावाले बाबा म्हणाले, "गाडी चालनी गई वं माय." त्या रात्री मावशीच्या घरी झोपले आणि घरी बोलणी खाल्ली. शेवटी सरांनी आम्हा चार खेड्यांतल्या मुलींचा सराव सकाळी साडेसहाला लावला. पहिल्या गाडीने यायचं, खेळायचं, तिथेच आवरून तासाला बसायचं. सरांनी हे केलं म्हणून मी खेळले. म्हणून तुम्ही आधीच विचारा: सकाळचा सराव आहे का?

गावाहून येणार असाल तर प्रवेशाआधी एका कामाच्या दिवशी जाऊन-येऊन बघा. कागदावरचं वेळापत्रक आणि खरी गाडी यात फरक असतो. विद्यार्थ्यांना एस.टी.च्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे, आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफत. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या गावांना, म्हणजे नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव या पट्ट्यात, गाडीचाही पर्याय आहे. मात्र परतीची गाडी सरावाच्या वेळेला जुळते का, ते आठवडाभर बघूनच ठरवा.

हे जुळत नसेल तर वसतिगृह. तिथे खाणावळीची वेळ विचारा. सात वाजता सराव संपवून आलेल्याला आठनंतर गरम पोळी मिळते का, अंडी, मोड आलेली कडधान्यं, दूध मिळतं का? केळ्यांची आपल्याकडे ददात नाही, पण नुसत्या केळ्यांवर कबड्डी होत नाही. धडगाव, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल या सातपुड्याच्या कुशीतल्या आदिवासी मुलांसाठी आदिवासी विकास विभागाची शासकीय वसतिगृहं आहेत. तिथे जागा नाही मिळाली तर स्वयंम योजनेतून राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात येते. कुठल्याही वसतिगृहात रॅगिंग झालं तर १८००-१८०-५५२२ हा देशभराचा क्रमांक आहे, तो आत्ताच फोनमध्ये टाका.

उन्हाचंही बघा. जळगाव-भुसावळला एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या घरात जातो. मैदानाच्या कडेला झाडं आहेत का, प्यायच्या पाण्याची टाकी चालू आहे का, उन्हाळ्यात सराव पहाटे घेतात का, हे साधे प्रश्न आहेत. पण चक्कर येऊन पडलेलं पोर मी पाहिलंय.

खेळ नसेल तर, किंवा खेळासोबत

कॉलेजातली मजा म्हणजे फक्त गॅदरिंग आणि 'डेज' नव्हेत. ते सगळीकडे होतात, त्यावरून कॉलेज निवडू नका. 'युवारंग' बघा. हा आपल्या विद्यापीठाचा युवक महोत्सव. संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय, ललित कला असे पाच विभाग, त्यात मूकनाट्यापासून रांगोळीपर्यंत आणि वादविवादापासून लोकनृत्यापर्यंत सगळं येतं. कॉलेज युवारंगला किती कलाप्रकारांत उतरतं, तालमी कोण घेतं, हे विचारा. अहिराणीत बोलणाऱ्या पोराला तिथे संकोच वाटत नाही, उलट प्रहसनात टाळ्या त्यालाच पडतात.

राष्ट्रीय सेवा योजनेत दोन वर्षांत २४० तास काम आणि एका दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर असतं. लाजाळू मुलांना मी डोळे झाकून हे सुचवते. सात दिवस एकत्र स्वयंपाक केला, बांध घातला, रात्री गाणी म्हटली की जी मैत्री होते ती वर्गात तीन वर्षांत होत नाही. एन.सी.सी.ला जागा मोजक्या, निवड पहिल्याच काही आठवड्यांत होते. सैन्यात किंवा पोलिसात जायचं असेल तर 'सी' प्रमाणपत्रापर्यंत पोचता येईल अशाच कॉलेजात जा, म्हणजे पदवीच्या मुलांसाठी तिथे तुकडी हवी. आणि नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत खेळ, योग, एन.एस.एस., एन.सी.सी., कला यांना सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक (क्रेडिट) आहेत. त्यातलं नेमकं काय त्या कॉलेजात शिकवतात, हे विचारा. नाहीतर कबड्डीपटूला भलत्याच विषयात बसावं लागतं.

कागदपत्रं

जिल्हा पातळीपासून मिळालेलं प्रत्येक प्रमाणपत्र जपा. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्याचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा कार्यालयाकडून मंडळाकडे जातो. शाळेने वेळेत पाठवला का, हे स्वतः जाऊन विचारा. पुढे राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे करावी लागते, आपल्यासाठी ते नाशिकला. कुठल्या स्पर्धेचं कितवं स्थान धरतात, याचे नियम शासन निर्णयात आहेत. गल्लीतल्या खासगी संघटनेच्या 'राष्ट्रीय' स्पर्धेला पैसे भरून जाण्याआधी ते वाचा. आमच्या गावच्या दोन पोरांनी अशा स्पर्धेची सुवर्णपदकं आणली, ती कुठेच चालली नाहीत.

प्रवेश झाल्यावर पहिला आठवडा

वर्गात बसायला लागण्याआधी क्रीडा विभागात जा. तिथे खेळाडूंची नोंदवही असते, त्यात नाव घाला. पात्रता फॉर्मसाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रकांच्या दोन-दोन झेरॉक्स, आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो एका पिशवीत तयार ठेवा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी फोटो नाही म्हणून नाव कटलेलं मी पाहिलं आहे. निवड चाचणीची तारीख फलकावर लागते आणि व्हॉट्सॲप गटावरही येते, म्हणून त्या गटात स्वतःचा नंबर टाकून घ्या, वडिलांचा नको. मग संध्याकाळी बूट घालून मैदानावर जा. कुणी बोलावण्याची वाट बघू नका. कडेला उभं राहून चेंडू आणून द्या, फक्की मारायला मदत करा. दोन-चार दिवसांत एखादा गडी कमी पडेल आणि कुणीतरी तुम्हाला आत बोलावेल.